ट्रॅक्टरच्या पोटातले तेल



बैल आजारी पडला की आपल्याला लगेच कळते. तो चारा खात नाही. कान पाडतो. रवंथ थांबवतो. आपण त्याच्या अंगावरून हात फिरवतो, डोळे बघतो, शेण बघतो. मग औषध देतो. न बघता औषध कोणी देत नाही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. आधी औषध ओततो आणि मग बघतो. आमच्या शेजारी असेच झाले. ती हकीकत आधी सांगतो.

१. अण्णांची लावणी

आमचा गाव मावळातला. भाताचा मुलूख. पाऊस उदंड. आमच्या शेजाऱ्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो. त्यांनी बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. स्वतःची खाचरे चिखलायची आणि दुसऱ्यांचीही भाड्याने करायची, असा बेत होता. तीन वर्षे काम चांगले चालले. कर्जाचे हप्ते वेळेवर गेले.

२०१९ सालच्या आषाढात लावणीची घाई सुरू होती. रोपे लावायला आली होती. बायकांचा पैरा ठरला होता. तेवढ्यात ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक मंद झाले. मागचा रोटाव्हेटर उचलायला वेळ लागे. उचलताना तो थरथर कापे.

एक जण म्हणाला, "अण्णा, तेल कमी झालं असंल. तेल घाला."

अण्णांचा पुतण्या पुण्यात ड्रायव्हर आहे. साहेबांची मोटार चालवतो. आपोआप गिअर बदलणारी ती मोटार. अण्णांनी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा, गाडी गरम करा. इंजिन चालू ठेवा आणि काडी काढून बघा. आमच्या गाडीचं असंच बघतात."

अण्णांनी तसे केले. ट्रॅक्टर बांधाच्या उतारावर उभा होता. रोटाव्हेटर वर उचललेला होता. इंजिन चालू होते. काडी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसले. घरात इंजिन-ऑइलचा डबा होता. अण्णांनी त्यातले पाच लिटर तेल ओतले.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी वरच्या ब्रीदरमधून फेस यायला लागला. ब्रेक दाबला की करकर आवाज येई. चौथ्या दिवशी गिअरबॉक्समधून घरघर आली आणि ट्रॅक्टर खाचरातच उभा राहिला.

तालुक्याहून मिस्त्री आले. त्यांनी खालचा बोल्ट सोडला. आधी पाणी आले. मग तेल आले. तेल कसले? चहात दूध जास्त झाल्यावर दिसतो तसला रंग. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, तेल कमी नव्हतं. तेल बिघडलं होतं."

गिअरच्या दांडीखालचे रबर फाटले होते. त्यातून पावसाचे आणि धुतल्याचे पाणी आत गेले. पाण्याबरोबर बारीक चिखल गेला. तेल गाळणारी जाळी तुंबली. पंपाला पुरेसे तेल ओढता येईना. हायड्रॉलिक मंद झाले ते त्यामुळे. त्यात अण्णांनी आणखी तेल घातले. पोट तुडुंब भरले आणि फेस झाला. पंप गेला. दोन बेअरिंग गेले. त्या वर्षीचा बँकेचा एक हप्ता दुरुस्तीत गेला. लावणी अकरा दिवस लांबली. रोपे जून झाली. त्या वर्षीचे पीक अण्णांनी मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. "अण्णा, ट्रॅक्टरचं पुस्तक कुठाय?"

पुस्तक ट्रंकेत होते. देवाच्या पोथीसारखे फडक्यात बांधलेले. तीन वर्षांत कोणी उघडले नव्हते. अण्णांना वाचता येत नाही. वहिनी मात्र आमच्या साक्षरता वर्गाला सहा महिने येत होत्या. त्यांनी पुस्तक घेतले. ओळीखाली बोट धरले आणि वाचू लागल्या.

"ते-ला-ची पा-त-ळी पा-ह-ता-ना... ट्रॅ-क्ट-र स-पा-ट जा-गी... इं-जि-न बं-द... मा-ग-चे अ-व-जा-र ज-मि-नी-व-र टे-क-वा-वे."

ओसरीवर कोणी बोलले नाही. मीही गप्प होतो. सहा महिने मी त्यांना कमळ आणि बदक शिकवत होतो. घरात कर्जाचा ट्रॅक्टर आहे, त्याचे पुस्तक आणा, ते वाचू, असे एकदाही मला सुचले नव्हते. हा धडा मी त्यामुळे लिहीत आहे.

मी काही मिस्त्री नाही. शाळामास्तर आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या मिस्त्रींपाशी बसून समजावून घेतले आणि पुस्तकाशी ताडून पाहिले.

२. ट्रॅक्टरच्या पोटात तेल कशाला?

ट्रॅक्टरमध्ये तेले निरनिराळी असतात. इंजिनचे तेल वेगळे. त्याची काडी वेगळी. ती आपण रोज बघतो. दुसरे तेल सीटखाली आणि मागच्या मोठ्या पेटीत असते. या धड्यात त्या दुसऱ्या तेलाची गोष्ट आहे. कोणी त्याला गिअर-ऑइल म्हणतात, कोणी हायड्रॉलिकचे तेल म्हणतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत दोन्ही कामांना एकच तेल असते. काहींत गिअरचे तेल वेगळे आणि हायड्रॉलिकचे वेगळे असते. आपला ट्रॅक्टर कोणत्या जातीचा, हे पुस्तकात बघावे.

जिथे तेल एकच असते तिथे ते चार कामे करते.

पहिले काम वंगणाचे. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालत होतो. का? लोखंडावर लोखंड घासले की दोन्ही झिजतात. गिअर म्हणजे दात्यांची चाके. ती एकमेकांवर फिरतात. मध्ये तेलाचा पातळ पदर असतो. तो असला की दाते टिकतात.

दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. घासण्याने धातू तापतो. तेल ती उष्णता घेऊन पेटीच्या भिंतींना देते. भिंतींना बाहेरचा वारा लागतो.

तिसरे काम ओझे उचलण्याचे. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या दाबला की पाणी जोराने बाहेर पडते. ट्रॅक्टरात याच्या उलट होते. पंप तेलाला जोराने नळीत दाबतो. ते तेल एका दट्ट्याला ढकलते. दट्ट्या मागचे दांडे उचलतो. दांड्यांना लावलेला नांगर किंवा रोटाव्हेटर वर येतो. म्हणजे नांगर उचलते ते तेल.

ही युक्ती हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. ते आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याचे पुत्र. तीन दांडे आणि तेलाच्या दाबाने उचलणारे हायड्रॉलिक, अशी जोडणी असलेला त्यांचा ट्रॅक्टर १९३६ साली इंग्लंडात विक्रीला आला. पुढे १९३९ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात तसा ट्रॅक्टर निघू लागला. भारतात १९५९ साली फरीदाबादच्या आयशर कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडला. आज आपल्या गावात कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा. मागे तेच तीन दांडे दिसतील.

चौथे काम ब्रेकचे. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. ब्रेकच्या चकत्या त्याच तेलात फिरतात. तेल चुकीचे पडले की ब्रेक करकरतो, नीट धरत नाही. अण्णांच्या ब्रेकचा आवाज आला तो यामुळे.

आता विचार करा. एकाच तेलाकडे चार कामे. ते बिघडले तर चारही कामे बिघडणार.

३. तेल पाहावे कसे?

तेल पाहण्याची काडी असते. तिला गेज म्हणतात, डिपस्टिकही म्हणतात. तिच्यावर दोन खुणा असतात. वरची खूण आणि खालची खूण. तेल या दोन खुणांच्या मध्ये असावे. काही ट्रॅक्टरांना काडी नसते. तिथे पेटीच्या अंगाला काचेची लहान खिडकी असते, किंवा पातळीचा बोल्ट असतो. रीत मात्र बहुतेक सारखीच. पायरीपायरीने करा.

पहिली पायरी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. ताटात पाणी घ्या आणि ताट तिरपे करा. एका कडेला पाणी जास्त, दुसऱ्या कडेला कमी. उतारावर तेलाचे तेच होते. मग काडी खोटे सांगते.

दुसरी पायरी. मागचे अवजार जमिनीवर टेकवा. दांडे पूर्ण खाली आणा. हे फार महत्त्वाचे आहे. अवजार वर असले म्हणजे बरेच तेल दट्ट्यामागे अडकून असते. पेटीत तेवढे तेल कमी दिसते. आपल्याला वाटते, तेल संपले. आपण ओततो. मग अवजार खाली आले की अडकलेले तेल परत पेटीत येते आणि पेटी भरून वाहते. हायड्रॉलिकने उलटणारी ट्रॉली जोडली असेल तर तीही पूर्ण खाली बसवा. तिच्या दट्ट्यात तर कित्येक लिटर तेल जाते.

तिसरी पायरी. गिअर न्यूट्रलला. पीटीओ बंद. हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. मुलांना दूर करा.

चौथी पायरी. दहा-पंधरा मिनिटे थांबा. तेल निथळून खाली बसू द्या.

पाचवी पायरी. काडीच्या भोवतालची माती, भुसा, चिखल फडक्याने पुसा. मगच काडी काढा. नाहीतर तीच माती आत पडते. पाऊस पडत असताना काडी उघडू नका.

सहावी पायरी. काडी काढली की लगेच पुसू नका. आधी तेलाकडे बघा. अण्णा इथेच चुकले. काडीवरचे दुधाळ तेल त्यांनी फडक्याला पुसून टाकले. आजार हातात आला होता आणि न बघता पुसला गेला.

सातवी पायरी. आता काडी स्वच्छ पुसा. पूर्ण आत घाला. बाहेर काढा आणि पातळी वाचा.

पुतण्याचे काय चुकले? त्याच्या मोटारीपुरते तो बरोबर बोलला. आपोआप गिअर बदलणाऱ्या पुष्कळ मोटारींत तेल गरम असताना आणि इंजिन चालू ठेवूनच पातळी बघतात. काही मोटारींत इंजिन बंद करून बघतात. कित्येक नव्या मोटारींना तर काडीच नसते, ते काम कारखान्यातला मिस्त्रीच करतो. म्हणजे मोटारीमोटारीतही फरक आहे. मोटारीचे ऐकून ट्रॅक्टरला करू नये. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे ऐकूनही आपल्याला करू नये. आपल्या यंत्राचे पुस्तक सांगेल ते खरे.

४. काडी काय सांगते?

काडी दोन गोष्टी सांगते. तेल किती आहे आणि तेल कसे आहे. आपण फक्त पहिली विचारतो.

तेल स्वच्छ आणि पारदर्शक असेल तर ठीक. काम करून ते थोडे काळपट होते. त्यात भिण्यासारखे नाही.

तेल दुधाळ, मातकट किंवा फेसाळ असेल तर आत पाणी गेले आहे असे समजा. पक्के करायचे असेल तर थोडे तेल काचेच्या बाटलीत घ्या. रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला पाणी दिसले तर शंका उरली नाही. पण पाणी दिसले नाही म्हणून दुधाळ तेल चांगले ठरत नाही. कधी कधी पाणी तेलात इतके मिसळते की वेगळे होतच नाही. अशा तेलात नवे तेल घालू नका. नासलेल्या दुधात चांगले दूध ओतले तर दोन्ही जाते. ते सगळे तेल काढा. जाळी धुवा किंवा फिल्टर बदला. पाणी शिरले ती वाट बुजवा. मगच नवे तेल भरा.

तेलाला जळका वास येत असेल तर आत काहीतरी तापते आहे. मिस्त्रीला बोलवा.

तेल बोटांवर चोळून बघा. चकचकीत कण हाताला लागले तर दाते किंवा बेअरिंग तुटत असेल. तेल काढायच्या बोल्टला पुष्कळदा लोहचुंबक असते. त्यावर करडा, मऊ लेप जमतो. तो थोडा असणारच. पण तुकडे दिसले तर ट्रॅक्टर कामावर नेऊ नका.

आणखी एक खूण. आपण तेल घातले नाही आणि तरी पातळी वाढली, तर आनंद मानू नका. तेल आपोआप वाढत नाही. बहुधा पाणी आत आले आहे.

५. तेल कोणते घालावे?

दिसायला सगळी तेले सारखी. पण इंजिनचे तेल निराळे, गिअरचे निराळे, ट्रॅक्टरच्या या पेटीचे निराळे. जाडी निराळी आणि आत मिसळलेली औषधेही निराळी.

आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना लागणाऱ्या तेलाच्या डब्यावर इंग्रजीत यूटीटीओ अशी चार अक्षरे असतात. गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक, या सर्वांना चालणारे ते तेल. काही जुन्या ट्रॅक्टरांना ९० नंबरचे गिअर-ऑइल सांगितलेले असते. तेच ९० नंबरचे तेल तेलातल्या ब्रेकच्या पेटीत घातले तर ब्रेक बिघडू शकतात. म्हणून "तेल द्या" एवढे दुकानात म्हणू नका. "जरा जाड द्या", "लाल द्या" असेही म्हणू नका. रंगावरून तेल ओळखता येत नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही आता कुठे मराठी वाचायला लागलो. डब्यावर इंग्रजी असतं. ते कसं वाचायचं?"

त्यावर वहिनींनी काढलेली युक्ती सांगतो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात तेलाचे नाव असते. वहिनींनी ती अक्षरे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जशीच्या तशी उतरवून घेतली. रांगोळीचे ठिपके बघून काढतो तशी. मग मला दाखवली. मी तपासून दिली. तो पुठ्ठा त्या दुकानात नेतात. डब्याजवळ धरतात. अक्षराला अक्षर जुळले तर डबा घेतात. एक अक्षर जरी वेगळे असले तरी विचारतात. डब्याचे सील फुटलेले असेल तर घेत नाहीत. पावती मागून घेतात.

६. तेल घालावे कसे?

समजा, तेल स्वच्छ आहे आणि पातळी खालच्या खुणेपाशी आहे. तेव्हाच तेल घालायचे.

भरायच्या तोंडाभोवती पुसून घ्या. नरसाळे स्वच्छ आणि कोरडे हवे. युरिया कालवलेले, दूध गाळलेले नरसाळे चालणार नाही. त्यात बारीक जाळी असली तर उत्तम.

एकदम ओतू नका. अर्धा लिटर घाला. थांबा. काडी बघा. पुन्हा थोडे घाला. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. भाकरीच्या पिठात पाणी बेताबेताने घालतात ना? कमी पडले तर वाढवता येते. जास्त झाले तर काढणे कठीण.

कोणी म्हणेल, जास्त झाले तर बिघडले काय? बिघडते. गिअर तेलाला घुसळतात. ताक घुसळल्यावर फेस येतो तसा तेलाला येतो. फेस म्हणजे हवा. हवा दाबली जाते, ओझे उचलत नाही. हायड्रॉलिक झटके देते. तेल तापते. सीलमधून बाहेर पडते.

तेल घालून झाले की झाकण घट्ट बसवा. इंजिन सुरू करा. दांडे तीन-चार वेळा वर-खाली करा. पुन्हा खाली टेकवा. इंजिन बंद करा. थांबा. पुन्हा एकदा काडी बघा. हे शेवटचे बघणे चुकवू नका.

७. कमी झालेले तेल गेले कुठे?

या धड्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

इंजिन थोडेफार तेल जाळते. पण या पेटीतले तेल जळत नाही. ते कमी झाले म्हणजे कुठून तरी बाहेर गेले. घरातला रांजण रोज दोन घागरी कमी होऊ लागला तर आपण रोज भरत बसतो का? आधी तडा शोधतो.

म्हणून तेल घालण्याआधी ट्रॅक्टरभोवती फिरा. रात्री उभा होता त्या जागी जमिनीवर डाग आहे का? मागच्या चाकांच्या आतल्या अंगाला तेल ओघळले आहे का? तिथले सील गेले असेल. पीटीओच्या दांडीपाशी ओले आहे का? नळ्यांचे सांधे ओले आहेत का? क्लच घसरतो का? तेल क्लचकडे झिरपत असेल.

ट्रॉलीकडेही बघा. पुष्कळदा एकाची ट्रॉली दुसरा नेतो. ट्रॉलीची नळी जोडली की दोघांचे तेल एकमेकांत मिसळते. त्याचे तेल घाण असेल तर ते तुमच्या पेटीत आले. ट्रॉली वर असतानाच नळी सोडली, तर तुमचे तेल तिच्याबरोबर गेले. शेजारधर्म पाळावा, पण नळीचे तोंड पुसून जोडावे आणि ट्रॉली खाली बसवूनच सोडावे.

पाणी कोणत्या वाटेने शिरते तेही बघा. गिअरच्या दांडीचे रबर, ब्रीदरचे टोपण, काडीचे झाकण, चाकांची सीले. चिखलणीच्या दिवसांत ही चार ठिकाणे रोज डोळ्यांखालून घाला. ट्रॅक्टर धुताना या जागांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

८. जिवाची काळजी

तेलाचे नुकसान भरून निघते. हात गेला तर भरून निघत नाही.

वर उचललेल्या अवजाराखाली कधी जाऊ नका. नळी फुटली की अवजार खाली येते. फिरत्या पीटीओजवळ पदर, उपरणे, धोतराचा सोगा, मोकळे केस जाऊ देऊ नका. पीटीओ सेकंदात कपडा गुंडाळून माणूस ओढतो.

हायड्रॉलिकच्या नळीतून बारीक फवारा उडत असेल तर तिथे हात लावून बघू नका. त्या तेलाला इतका जोर असतो की ते कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. गळती बघायची तर पुठ्ठा धरून बघा. तेल कातडीत गेलेच तर दुखत नसले तरी लगेच दवाखाना गाठा.

काढलेले जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात, बांधावर ओतू नका. ते पाण्यात पसरते आणि जमिनीत मुरते. डब्यात भरून ठेवा आणि जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्यांकडे द्या. लहान मुलांचा हात पोहोचेल असे ठेवू नका.

९. वहिनींची वही

अण्णांचा ट्रॅक्टर दुरुस्त झाला. त्यानंतर वहिनींनी एक वही केली. शंभर पानी, साधी. त्यात चार रकाने आखले. तारीख. तासांचे मीटर. पातळी. किती तेल घातले. ट्रॅक्टर किती तास चालला, हे मीटर दाखवते. तेल कधी बदलायचे हे तासांवर ठरते. पुष्कळ ट्रॅक्टरांना ते हजार तासांच्या आसपास असते. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल फार लवकर बदलायचे असते. नेमका आकडा आपल्या पुस्तकात असतो.

दर आठवड्याला अण्णा काडी काढतात आणि वहिनी लिहितात. पावसाळ्यात रोज. पहिल्या पानावरचे अक्षर वाकडेतिकडे आहे. पुढे पुढे ते सरळ होत गेले आहे.

पुढच्याच पावसाळ्यात एके सकाळी वहिनी म्हणाल्या, "अहो, परवा पातळी मधोमध होती. आज वरच्या खुणेला कशी? तुम्ही तेल घातलं का?"

अण्णांनी घातले नव्हते. काडी पुन्हा काढली. तेलाला किंचित दुधाळ रंग होता. ट्रॅक्टर त्यांनी खाचरात नेला नाही. त्याच दिवशी मिस्त्री आले. चाकाचे एक सील गेले होते. सील बदलले, तेल बदलले, जाळी धुतली. दोन दिवस मोडले, पण पंप वाचला, बेअरिंग वाचले आणि लावणी वेळेवर झाली.

अण्णा आता वर्गाला येतात. मागच्या रांगेत बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरचे पुस्तकच बरोबर आणले होते.

ध्यानात ठेवा

१. सपाट जागा, इंजिन बंद, अवजार जमिनीवर. मगच काडी.
२. काडी पुसण्याआधी तेलाचा रंग बघा.
३. दुधाळ तेलात नवे तेल घालू नका.
४. डब्यावरचे नाव पुस्तकातल्या नावाशी जुळवा.
५. थोडे थोडे घाला. वरच्या खुणेच्या वर नको.
६. कमी झालेले तेल गेले कुठे, ते शोधा.

शब्दांचे अर्थ

पातळी – तेल किंवा पाणी जिथवर भरले आहे ती उंची.
वंगण – घासणारे भाग झिजू नयेत म्हणून लावायचे तेल.
दट्ट्या – नळीत मागे-पुढे सरकणारा भाग.
ब्रीदर – पेटीतली हवा आत-बाहेर जाण्याची लहान वाट.
सील – तेल बाहेर आणि पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेले रबराचे कडे.

प्रश्न

१. रोटाव्हेटर वर असताना काडी पाहिली तर तेल कमी का दिसते?
२. "तेल कमी नव्हतं, तेल बिघडलं होतं," असे मिस्त्री का म्हणाले?
३. तेल घातले नसताना पातळी वाढली. तुम्ही काय कराल?
४. पुतण्याचा सल्ला मोटारीला बरोबर आणि ट्रॅक्टरला चूक का ठरला?

करून पाहा

तुमच्या घरात किंवा शेजारी ट्रॅक्टर, पाण्याचा पंप किंवा फवारणीचे यंत्र असेल. त्याचे पुस्तक शोधा. त्यातली तेलाची ओळ वाचा. यंत्राला लागणाऱ्या तेलाचे नाव पुठ्ठ्यावर उतरवा. तो पुठ्ठा पुढच्या वर्गाला घेऊन या.